तिसऱ्या चुलीची चिठ्ठी

सोमवार, दहा फेब्रुवारी. सकाळचे साडेसात. आळंद, अक्काचं घर.

हजर: अक्का, पहिल्या चुलीवर. शाळेत दुपारचं जेवण शिजवणारी बाई, दुसऱ्या चुलीवर; तिला साडेनऊला उठावं लागतं. अक्काची धाकटी जाऊ, तिसऱ्या चुलीवर. मी, पडवीत.

गैरहजर: कोणी नाही.

अशी नोंद मी रोज करते. कुणी सांगितलेली नाही आणि कुणी वाचत नाही. गावाबाहेरच्या सहकारी सूतगिरणीत मी अकरा वर्षं टायमकीपर होते. फाटकाजवळच्या खोलीत बसून कोण आलं, कोण गेलं, कोणत्या पाळीला कोणत्या खात्यात किती बायका कमी, हे लिहायचं काम. गिरणी बंद पडली तरी हाताची सवय गेली नाही. आता माझ्या हजेरीत चौघी आहेत, मला धरून.

गिरणी सभासदांची होती, पण तिच्या डोक्यावर सरकारचा हात होता आणि तो तिथंच राहणार असं आम्ही धरून चाललो होतो. कापूस येणार, सूत जाणार, भोंगा वाजणार. मग एका वर्षी तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, नंतर दोनाची एक, आणि एके दिवशी भोंगा वाजलाच नाही. आम्ही तरी फाटकापर्यंत गेलो. मी वही घेऊन गेले. त्या दिवशी सगळे हजर होते.

त्यानंतर जो तो आपापल्या वाटेनं पोटाला लागला. गिरणीत लागायला अर्ज होता, नंबर होता. आता ओळख. कुणाचा भाऊ डाळमिलमध्ये मुकादम, तर ती तूर निवडायला गेली. कुणाची नणंद पुण्यात, तर ती तिथं चार घरची भांडी घासायला. आमचे मालक हैदराबादला एका सोसायटीच्या फाटकावर रखवालीला आहेत, तेही आमच्या गल्लीतल्या एकाच्या ओळखीनं. वर्षातून दोनदा घरी येतात. जिथं आपली माणसं तिथं काम. आपली माणसं म्हणजे कोण, हे गिरणीत फारसं कुणी विचारत नव्हतं. बाहेर पडल्यावर सगळ्यांना ते बरोबर आठवलं.

अक्का गिरणीत कोनाच्या खात्यात होती, म्हणजे तयार सूत पुठ्ठ्याच्या पोकळ शंकूवर, कोनावर, गुंडाळायचं काम. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. शेतकऱ्याच्या घरातली, घर वेशीच्या आत, दारात दोन म्हशी. आम्ही बौद्ध. आमची गल्ली गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि तिचं नाव सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. गिरणीत जेवणाच्या सुट्टीला अक्का माझ्या खोलीत यायची, कारण तिथं पंखा होता. पहिले काही दिवस ती आपला डबा आपल्याकडं धरून बसायची. मग एकदा तिनं माझ्या भाकरीचा कोपरा मोडला, चावला, आणि म्हणाली, "कुणी शिकविलं गं तुला थापायला? कडंला एक चीर न्हाई." त्या दिवसापासून मी दोन भाकरी जास्त नेत गेले. अकरा वर्षांतली दहा वर्षं ती माझ्या हातची भाकरी खात होती.

गिरणी बंद झाल्यावर अक्कानंच कडक भाकरीचं काम सुरू केलं. आमच्याकडं हे काही नवं खाणं नाही. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची, आणि मग मंद आचेवर दाबून दाबून पापडासारखी कडक करायची. महिना-दीड महिना टिकते. गुलबर्ग्याच्या खानावळी घेतात, लग्नघरं घेतात, पुण्या-मुंबईला राहणाऱ्या मुलांच्या आया घेतात. पहिल्या वर्षी अक्का एकटी करायची. मग ती माझ्याकडं आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "मला लिहायला येत न्हाई. कुणाच्या किती, कुणाला कवा, सगळं डोक्यात मावत न्हाई. तू ये."

मी दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेले.

कामाची वाटणी अशी ठरली. ठरली म्हणजे कुणी बसून ठरवली नाही, ती होत गेली. ज्वारी बघून घ्यायची मी. मालदांडीच लागते, दुसरी चालत नाही. चक्कीवर न्यायची मी. पीठ चाळून तीन परातींत घालून स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवायचं मी. मग पीठ आत जातं. आत आधणाचं पाणी उकळत असतं. तिथून पुढं दोन-तीन तास मी पडवीत. मग कडक झालेल्या भाकऱ्यांची टोपली बाहेर येते आणि पुन्हा माझं काम सुरू होतं. मोजायच्या, कागदात बांधायच्या, गठ्ठ्यावर दोरी, यादीवर खूण, टेंपोवाल्या अण्णांना फोन.

कोरडं पीठ माझ्या हातचं चालतं. कोरडी भाकरी माझ्या हातची चालते. मधे पाणी लागतं तेवढ्या वेळात मी पडवीत असते.

हे मला पहिल्या दिवशी दिसलं असं नाही. मी यादीत गुंतले होते. वेगळा कप आहे का, ते मात्र पहिल्याच आठवड्यात बघून ठेवलं होतं. नाही. चहा सगळ्यांना एकाच ताटलीत येतो, जो कप हाताला लागेल तो घ्यायचा. अक्काची सासू होती तोवर तीही मला "बस गं माय" म्हणायची. कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. त्यामुळं माझ्या मनात जे होतं ते कुणाला सांगायला शब्द नव्हता. काय सांगणार? की मला तिथं आत, चुलीवर बसायचं आहे? धुरात?

पण बसायचं होतं. पडवीत बसलं की आतलं बोलणं अर्धं ऐकू येतं. थाप, थाप, थाप, आणि मग मधेच तिघींचं हसणं. कशाला हसल्या ते कळत नाही. मी विचारलं तर धाकटी जाऊ म्हणायची, "आता सांगून त्यात मजा न्हाई, तवाच ऐकाया पायजे व्हतं." खरं होतं ते. थापायला बसलेल्या बायकांचं बोलणं हाताच्या ठेक्यावर चालतं, ते बाहेर आणता येत नाही. घरी गेले की माझं घर रिकामं. हैदराबादहून रोज एक फोन, दोन मिनिटांचा. जेवलीस का, जेवले. तुम्ही जेवलात का, जेवलो. मी दिवसभर माणसांच्या घरात असायचे आणि तरी दिवसभरात माझ्याशी कुणी बोललेलं नसायचं, भाकरीच्या आकड्याशिवाय.

मालक एकदा फोनवर म्हणाले, "मग वेगळं कामून करत न्हाईस? तुझा हात काय कमी हाय?" मी करून बघितलं होतं, त्यांना सांगितलं नव्हतं. दोन महिने, माझ्या घरी, माझी चूल. भाकऱ्या उत्तम झाल्या. गुलबर्ग्याच्या एका वसतिगृहानं घेतल्याही. पण एकटीनं थापताना माझा हात एका ठेक्यात पडेना. शेजारी दुसरी थाप नसली की आपली थाप फार मोठी ऐकू येते. तिसऱ्या महिन्यात मी अक्काकडं परत गेले आणि काही झालंच नाही असं तिनं पीठ चाळायला दिलं.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मी एकदा बसले होते. धाकटी जाऊ तापानं पडली होती, शाळेतली बाई यायची होती, अक्का अंघोळीला गेली होती आणि तिसऱ्या चुलीवर आधण उकळून वाया चाललं होतं. मी परात ओढली आणि पीठ भिजवलं. अक्का केस बांधत आत आली तेव्हा माझी चौथी भाकरी तव्यावर होती. ती सरळ पहिल्या चुलीवर बसली आणि तिनंही थापायला घेतलं. आम्ही दोघी शेजारी शेजारी थापत होतो. तिनं गिरणीतल्या एका जॉबरची, म्हणजे मशिनीवरच्या मुकादमाची, गोष्ट काढली, त्याचं धोतर मशिनीत अडकलं होतं ती. मी ती गोष्ट शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा हसले होते, त्या दिवशीही हसले. अकरा भाकरी झाल्या. मग शाळेतली बाई आली आणि मी उठले.

टोपली बाहेर आली तेव्हा मी मोजली. अकरा कमी होत्या. संध्याकाळी कळलं, त्या घरात खाल्ल्या. अक्काच्या नवऱ्यानं खाल्ल्या, जावेनं तापाच्या तोंडाला दुधात कुस्करून खाल्ल्या, अक्कानं स्वतः खाल्ल्या. "लई ग्वाड झाल्त्या," असं म्हणाली. विकायला एकही आली नाही. मी त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावून बघितला आहे. अजून लागत नाही.

आता चिठ्ठीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं आणि ती माझी करणी आहे.

गिरणीत प्रत्येक कोनाच्या पोटात एक लहान चिठ्ठी असायची. त्यावर तारीख, पाळी आणि गुंडाळणाऱ्या बाईचा नंबर. पुढं कुठं सूत तुटलं, गाठ निघाली, तर चिठ्ठीवरून कळायचं कुणाचं काम. मला ती पद्धत फार आवडायची. भाकरीचं काम वाढलं तेव्हा एका लग्नघरातून तक्रार आली की निम्म्या भाकऱ्या जाड आहेत. कुणाच्या, ते कळेना. तिघी एकमेकींकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, थांबा, आपण चिठ्ठी घालू. दर गठ्ठ्यात एक. तारीख, चुलीचा नंबर, थापणारीचं नाव. त्या वर्षी आमच्याकडं एकाच नावाच्या दोघी थापायला होत्या, म्हणून मी आणखी एक रकाना घातला. गल्ली.

तक्रार एका आठवड्यात मिटली. जाड भाकरी कुणाची ते कळलं आणि तिनं हात सुधारला. मी खूष. पण चिठ्ठी वाचायची गिऱ्हाईकांना सवय लागली. पूर्वी लोक विचारायचे, "भाकरी अक्काकडची ना?" बस. आता विचारायला लागले, "पहिल्या चुलीच्या द्या." "ह्या गल्लीतली कोण? कुणाची सून?" एका म्हातारीनं तर माझ्यासमोर चिठ्ठ्या वाचून गठ्ठे निवडले, जशी वांगी निवडतात. मी सगळ्यांना उत्तरं देत होते. नाव, गल्ली, कुणाची सून. टायमकीपरला हे येतंच. दोन-तीन महिन्यांनी एका सकाळी चिठ्ठ्या लिहिताना लक्षात आलं की मी ज्या दारातून आत जायचं म्हणत होते, त्याला माझ्याच हातानं कडी लावली आहे. चिठ्ठी नव्हती तोवर भाकरी अक्काकडची होती, कुणीही थापावी. गिरणीत कोनावर नुसता नंबर असायचा. सुताला गल्ली नव्हती.

मी चिठ्ठ्या बंद करूनही बघितल्या. एक आठवडा. चार घरांतून फोन आले, चिठ्ठी कुठं आहे, दुसऱ्याच कुणाकडून करून घेतल्या का. अक्का म्हणाली, "घाल बाई, लोकांस्नी लागतीय." मी घातल्या.

तर दहा फेब्रुवारीला, सोमवारी, धाकट्या जावेनं परात पुसता पुसता सांगितलं की तिला शुक्रवारी बिदरला जावं लागणार. तिची लेक मैलूरला दिलेली, तिचं बाळंतपण. सवा महिना तरी.

"आत्ताच?" अक्का म्हणाली. "जत्रा तोंडावर हाय."

"मी काय डाक्टर हाय का तारीख धरायला?" जाऊ म्हणाली. "तुमची जत्रा दरसाली येती. माझी लेक पहिल्यांदा बाळंत व्हायलीय."

जत्रा म्हणजे मठाची जत्रा. तिथल्या अन्नदानाला घराघरातून भाकरीची टोपली जायची रीत आहे. पूर्वी बायका आठवडाभर आपल्या घरी थापायच्या. आता कुणी दुकानात आहे, कुणी शिकवणीला, कुणाचे गुडघे गेले. टोपली तर द्यायलाच पाहिजे, म्हणून लोक अक्काकडून भाकऱ्या घेतात, आपल्या टोपलीत घालतात, वर घरचं फडकं झाकतात आणि डोक्यावरून नेतात. वर्षातली सगळ्यात मोठी मागणी तीच. तीन चुली लागतातच.

अक्कानं पडवीत येऊन मला सांगितलं, "तिसरीला कोणीतरी बघ. जुन्या खात्यातली एखादी."

मी यादी केली. गिरणीच्या कोनाच्या खात्यातल्या, अजून जवळपास असणाऱ्या, हात चांगला असणाऱ्या. पाच नावं निघाली. मंगळवारपासून एकेकीला गाठलं.

पहिली पुण्याला गेलेली, दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, दिवाळीला येते. दुसरी बाजारात बांगड्या विकते. ती म्हणाली, जत्रेत तर माझा धंदा, तेव्हा मी चुलीपुढं बसू? तिसरी कोहिनूर गावाला भावाच्या शेतावर आहे. बसनं गेले, उन्हातून बांधाबांधानं शोधली. हरभरा काढत होती. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बसायचं काम का? बसायच्या कामाला मी आत्ता उठून आले असते गं, पर भाऊ सोडंना." आम्ही बांधावर बसून पाणी प्यायलो. तिनं मला गिरणीतल्या नंबरानं हाक मारली, मी तिला. तेवढंच. चौथीचा हात आता कापतो.

पाचवी गुलबर्ग्याच्या डाळमिलमध्ये तूर निवडते. तिला जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेर गाठलं. केसांवर, भुवयांवर डाळीची पिवळी धूळ. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग डबा उघडत म्हणाली, "अक्काला सांग, मी आले असते. पर तू कामून हिंडायलीस?"

"म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे. तुला हात न्हाईत का? तुझ्या डब्यासाठी आम्ही भांडत व्हतो की खात्यात."

मी म्हटलं, "बांधणी कोण करल मग?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "हे तू म्हणायलीस का अक्का म्हणायलीय?"

मी तिच्या डब्याकडं बघितलं. ती म्हणाली, "विचार तिला. तोंडानं विचार. वहीत लिहून ठेवू नको."

परत येताना बसमध्ये जागा मिळाली. सव्वा तास मी खिडकीला डोकं लावून होते आणि एक वाक्य नीट बसवत होते. शेवटी सगळ्यात साधं ठेवलं.

शुक्रवारी जाऊ गेली. शनिवारी, रविवारी दोनच चुली पेटल्या, मागणी मागं पडत गेली. सोमवारी मी पुन्हा मोजदाद दाखवली, की तिसरी चूल गुरुवारी पेटली नाही तर एवढ्या टोपल्या सोडाव्या लागतील. अक्का आकड्यांकडं बघत होती, तिला ते वाचता येत नाहीत. बुधवारी दुपारी टेंपो भरून गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. अक्का आत चुलीजवळ पाय पसरून बसली होती. मी दाराशी उभी होते, उंबऱ्याच्या बाहेर.

मी म्हटलं, "अक्का, तिसऱ्या चुलीवर मी बसते."

ती लगेच म्हणाली, "मग बांधणी कोण करल?"

"दुपारी करीन. आताही एकटीच करते."

"तुला झेपायचं न्हाई. डोळ्याला धूर सोसत न्हाई तुझ्या."

"सोसतो."

अक्कानं पायावरचं पीठ झटकलं. बराच वेळ झटकत होती, तिथं काही नव्हतं. मग म्हणाली, "मला काय हाय गं. मी खाल्लीय की तुझ्या हातची. दहा वर्सं खाल्लीय."

"मग?"

"गिऱ्हाईक विचारतंय."

"काय विचारतंय?"

"तुला ठावं हाय काय विचारतंय. तूच सांगतीस की त्यास्नी. चिठ्ठी वाचून."

 आत चुलीतली राख निवत होती. बाहेर म्हैस शेपटी आपटत होती. अक्का उठली, माझ्याजवळ आली, आणि उंबऱ्याच्या आतून माझ्या खांद्यावर हात ठेवला. पिठाचा हात.

"बस तू," ती म्हणाली. "उद्यापासून बस. मला दुसरं कोणी शेजारी नगं बी हाय. नुसती चिठ्ठी माझ्या नावाची घाल. पहिल्या चुलीच्या गठ्ठ्यात माझी, तिसरीच्या बी माझीच. कोण बघतंय?"

"मी बघते," मी म्हटलं.

"व्हय, तू बघतीस." ती हसली, पण हसू पुरतं आलं नाही. "मठात जायची भाकरी हाय माय. लोकं डोक्यावरून न्हेत्यात. एक जत्रा जाऊ दी. मग बघू."

"जावेचं नाव होतं की चिठ्ठीवर. तुझ्या नावाची घालायला तिला कधी सांगितलंस?"

"तिची गोष्ट येगळी."

"कशी?"

अक्कानं पदर खोचला. तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं, आणि माझा राग येत होता, तेही दिसत होतं. दोन्ही खरं होतं. शेवटी म्हणाली, "तू आली न्हाईस तर मी तिसरी चूल पेटवत न्हाई. टोपल्या सोडून देती. दुसरी बाई बसवत न्हाई. ही माझी जबान. आता तू ठरिव."

मी म्हटलं, उद्या सकाळी सांगते.

"सांगायचं काय त्यात. साताला ये. आधण ठेवून बसती मी."

घरी येताना मी नेहमीची वाट सोडून तळ्याकडून आले. मला घाई नव्हती. घरात शिरले, पाणी प्यायले, आणि उद्याची तयारी करायला बसले, कारण काही झालं तरी उद्या गुरुवार आहे आणि कामं आहेत. मालकांचा फोन आला. जेवलीस का, म्हणाले. अजून चारच वाजलेत, मी म्हटलं. मग ते म्हणाले, आज लवकर केला, पाळी बदलली. मी त्यांना चिठ्ठीचं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांच्या फाटकावर गाडी आली आणि फोन ठेवावा लागला.

मला चुलीवर बसायचं होतं. तेवढंच मागत होते मी आणि ते मिळालं आहे. अक्काच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, धुरात, जॉबरच्या धोतराची गोष्ट ऐकत. भाकरी चांगली होईल, कडेला चीर पडणार नाही. लोक ती फडक्याखाली झाकून मठात नेतील आणि खातील. माझ्या हातची खातील. फक्त ते त्यांना माहीत नसेल. मला माहीत असेल, अक्काला असेल. एखादी म्हणेल, दोघींना माहीत आहे, पुरे झालं. मीही स्वतःला तसं म्हणून बघितलं. मग वाटलं, गिरणीत अकरा वर्षं मी एकीच्या नावावर दुसरीची हजेरी कधी लावली नाही. कितीजणींनी विनवलं होतं. पोर आजारी आहे, सासरा गेला, माझी खूण तेवढी करून टाक. मी नाही म्हणायचे. त्यांना मी दगड वाटले असेन.

आणि माझं नाव घातलं, माझी गल्ली घातली, तर टोपल्या परत येतील. सगळ्या नाही येणार. पण पहिली परत आली की अक्काला ती दारात उभं राहून घ्यावी लागेल, आणि मला पडवीतून ते बघावं लागेल. त्यानंतर तिच्या घरी मी ज्वारी निवडायलाही जाणार नाही. ती बोलवेल, पण मी जाणार नाही. हेही मला माहीत आहे.

उद्याची तयारी, झालेली: ज्वारी चक्कीवर दिली, सकाळी सहाला मिळेल. कागद कापले. दोरीची दोन बंडलं. टेंपोवाल्या अण्णांना वेळ कळवली. पहिल्या चुलीच्या चिठ्ठ्या लिहिल्या. दुसऱ्या चुलीच्या लिहिल्या. तिसऱ्या चुलीच्या चिठ्ठ्यांवर तारीख घातली, चुलीचा नंबर घातला.

नाव आणि गल्ली लिहायची राहिली आहे.